ब्रादुलचं पान

डॉक्टर शशिधर गेल्यावर सुप्रभाबाईंनी लंडनजवळच्या स्लाऊमधलं घर विकलं नाही, वरची खोली भाड्याने दिली. आणि दिली कुणाला, तर एका रुमानियन गोलकीपरला. पिनरला राहणारी लेक अनुराधा फोनवर चिडली. "आई, तू त्याला ओळखतेस तरी का? दिस इज सो रिस्की." बाईंनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे स्वतःचंच खरं केलं.

डोरिन दिवसभर ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामात खोकी उचलायचा आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून आपल्या क्लबबद्दल बोलायचा. ब्रादुल हा डोंगरातल्या एका लहानशा गावचा, लाकडाच्या गिरणीने चालवलेला क्लब. कागदावर सगळे खेळाडू गिरणीचे कामगार, पण करवतीला कुणी हात लावायचा नाही. पगार मिळायचा तो खेळण्याचाच. मैदानाला स्टँड नव्हता, लोक ओंडक्यांच्या राशींवर बसून सामना बघत. एका वर्षी हा एवढासा क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये चढला आणि राजधानीच्या बड्या टीमला त्याने धूळ चारली. त्या दिवशी गिरणीचा भोंगा थांबता थांबेना. हे सांगताना डोरिनचा चेहरा उजळायचा. पुढचं सांगताना तो ताटात बघायचा.

चौऱ्याऐंशी साली टीम मैत्रीचा सामना खेळायला इंग्लंडला आली. परतीच्या सकाळी डोरिन हॉटेलच्या मागच्या दाराने निसटला. बाकीचे मायदेशी उतरले, तर पोलिसांनी विमानतळावर त्यांना थांबवून घेतलं. तुमचा गोलकीपर कुठे, कुणी पळवला, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा. सुटका होईतो अंधार पडला. घाटात बस दरीत गेली आणि कुणी वाचलं नाही. ब्रादुल तिथेच संपला.

तेव्हापासून शनिवारी तीनच्या ठोक्याला, सामना सुरू व्हायच्या वेळी, डोरिनला जिन्यावर खेळाचे बूट ऐकू येत. सगळी टीम वर यायची आणि त्याच्या दाराशी थांबायची. बाईंना काही ऐकू येत नसे, पण त्या वेळी तो कसा पांढराफटक पडतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरगा त्यांना मनापासून आवडत होता. त्याच्यामुळे घरात दोन माणसांचा स्वयंपाक होत होता.

अठ्ठ्याऐंशीच्या सर्वपित्रीला बाईंनी गॅरेजच्या छपरावर शशिधरांचं पान ठेवलं. खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. स्लाऊचा काळाकुळकुळीत कावळा लगेच आला आणि वडा घेऊन गेला.

"आमच्या ह्यांचं असंच," बाई कौतुकाने म्हणाल्या. "त्यांचा जीव कधी कशात अडकला नाही."

डोरिनने सगळं समजावून घेतलं. "म्हणजे ज्यांचं काही मागणं राहिलंय, त्यांच्या पानाला कावळा शिवत नाही?"

"नाही शिवत."

"मग माझ्या टीमसाठी एक ठेवाल का? त्यांनी मला माफ केलंय की नाही, एवढंच मला कळायला हवंय."

बाई जरा घुटमळल्या. पण त्याच्या तोंडाकडे बघून त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी दुसरं पान वाढलं. डोरिनने शेजारी आलुबुखारच्या दारूचा ग्लास ठेवला.

"दारू कशाला रे तिथे?"

"त्यांना आवडायची."

बाईंनी ग्लास राहू दिला.

कावळे आले, कुंपणावर रांगेने बसले, पण पानाला एकही शिवेना. डोरिन हात जोडून स्वतःच्या भाषेत काहीबाही बोलला, रडला. कावळे हलेनात. त्याची ती दशा बाईंना बघवेना. लहानपणापासून त्यांनी दहाव्याला मोठ्यांना बोलताना ऐकलं होतं: मुलीचं लग्न करून देऊ, धाकट्याला सांभाळू. असं वचन दिलं की कावळा शिवतो. त्यांच्याही तोंडून तसंच निघून गेलं.

"तुमचा गोलकीपर मी परत पाठवीन," त्या मराठीत म्हणाल्या.

शब्द संपायच्या आत कावळा पानावर उतरला.

डोरिनला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो लहान मुलासारखा हसला. "त्यांनी माफ केलं," तो म्हणाला, आणि बाईंनी मान डोलावली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुपारी डोरिन गाढ झोपला होता. तीन वाजता जिन्यावर बूट वाजले. या खेपेला ते वरपर्यंत गेले नाहीत. मधेच वळून खाली आले आणि बाईंच्या दाराशी थांबले. त्या भीतीने पलंगावर खिळून राहिल्या.

मग हे दर शनिवारचं झालं. परत पाठवावं तर तुरुंग, न पाठवावं तर मेलेल्यांना दिलेला शब्द मोडतो. इकडे डोरिनने अंग धरलं, तो पार्कात मुलांना गोलकीपिंग शिकवू लागला. आणि बाई शनिवार आला की कानांवर हात ठेवून बसू लागल्या. अनुराधा म्हणाली, "आई, डॉक्टरकडे जाऊ या. तुझी तब्येत नीट नाही वाटत." बाईंनी विषय टाळला.

एकोणनव्वदच्या नाताळात टीव्हीवर रुमानियाची राजवट कोसळताना दिसली. आता तुरुंगाचीही सबब उरली नाही. डोरिन पडद्याकडे टक लावून बसला होता. "तरी मी जाणार नाही," तो म्हणाला. "माझं घर आता हेच."

हे ऐकायला बाईंचे कान आसुसले होते. ऐकल्यावर मात्र त्यांना राहवेना. त्यांनी कावळ्याला काय सांगितलं होतं ते त्याला सांगून टाकलं.

त्याने उठून टीव्ही बंद केला. "म्हणजे माफी नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती रे. माझा शब्द होता. ते मला तो मागायला येतात."

वसंतात तो गेला. दारात त्याने वाकून बाईंच्या पायांना हात लावला, कधीतरी बघून ठेवलं असावं. काही आठवड्यांनी शनिवारी त्याचा फोन आला. गावात ब्रादुल पुन्हा उभा राहत होता, ओंडके गेले होते, मैदान तसंच होतं.

"तुमच्याकडे येतात का अजून?" त्याने विचारलं.

"नाही. तू गेल्यापासून जिना शांत आहे."

"इथे येतात. मी रिकाम्या मैदानात गोलमध्ये उभा राहतो. ते खेळतात." त्याचा आवाज शांत होता. बाईंच्या अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले.

त्या वर्षी सर्वपित्रीला त्यांनी एकच पान वाढलं. शशिधरांचं. कावळा नेहमीसारखा लगेच आला, वडा घेऊन उडून गेला. ह्यांचं काहीच मागणं नाही, याचं बाईंना पहिल्यांदाच वाईट वाटलं. कावळा शिवून गेला होता, तरी त्या अंगणात हात जोडून उभ्याच राहिल्या, आणि मग आत येऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर कान देऊन बसल्या.