एकुलतं मत

"न जाण्याचं कारण म्हणून गुडघ्याचं लिहूया ना, साहेब," सेक्रेटरी फादर म्हणाले. "गुडघा तर खरंच दुखतो तुमचा. डॉक्टर हसत चिठ्ठी देतील."

"गुडघा दुखतो म्हणून कोणी घरी बसतं का? निम्मे जण काठी टेकत येतील तिथे," कार्डिनल म्हणाले. "लिहा, बहिणीचं काही खरं नाही. तिच्याजवळ थांबतोय. बास."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. पोप वारले त्याला पाच दिवस झाले होते आणि नवा पोप निवडायला जगभरातून कार्डिनल निघाले होते. एकदा का ते आत गेले आणि दारं लागली, की फोन नाही, पेपर नाही, घरचं कोणी गेलं तरी निरोप नाही. पोप वारताना ज्याची ऐंशी उलटलेली, त्याला मतही नाही. यांच्या ऐंशीला तेव्हा एकोणीस दिवस उरले होते. मागच्या निवडीला हे नुसते बिशप होते. म्हणजे उभ्या जन्मात एकदाच मत द्यायचं, ते आत्ताच. आणि ते सोडताना चारचौघांना पटेल असा साधा गुडघासुद्धा हा गृहस्थ पुढे करायला तयार नाही!

तसं कार्डिनलांनी आयुष्यात फार काही गाजवलं नव्हतं. बारा वर्षं सेमिनरीत होणाऱ्या पाद्र्यांना लॅटिन शिकवलं, ते बहुतेक सगळे विद्यार्थी विसरले. बिशप झाल्यावर गळकी छपरं दुरुस्त करून घेतली, दोन गावांचं एका घंटेवरून चाललेलं भांडण मिटवलं, सभांना वेळेवर गेले. एकाहत्तराव्या वर्षी कार्डिनलची लाल टोपी मिळाली, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का त्यांनाच बसला. थोरल्या बहिणीला, ताईला, मुळीच नाही. "मला ठाऊकच होतं," असं ती लॉन्ड्रीतल्या जुन्या मैत्रिणींना सांगत सुटली. त्याच लॉन्ड्रीत तिनं चाळीस वर्षं इस्त्री केली होती. धाकट्यानं शिकावं म्हणून स्वतःची शाळा सोडून.

वडील गेले तेव्हा धाकटा परदेशात शिकत होता. आई गेली तेव्हा बिशपांच्या सभेत. दोन्ही वेळा ताईनंच सगळं निभावलं, आणि वर "तू कामात होतास ना, मग झालं," म्हणाली. आता डॉक्टर तिच्याबद्दल फार तर महिनाभर म्हणत होते.

पत्र गेल्याचं कळलं तशी तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ताई."

"बोलू नकोस माझ्याशी."

"अगं, ऐक तरी."

"काय ऐकू? एवढी वर्षं हात भाजून घेतले ते कशाला? तू माझ्या उशाशी माशा मारत बसावंस म्हणून? नर्स आहे इथे. तू जा. मी थांबते तू येईपर्यंत."

"तुझ्या हातात आहे होय ते?"

"नसेना का! लोक काय म्हणतील तुला?"

"म्हणू देत. दोनदा मी नव्हतो, ताई. आता तिसऱ्यांदा नाही जमायचं मला. मत द्यायला शंभरावर माणसं आहेत. तुला भाऊ एकच आहे."

ताई गप्प. आणि ती गप्प म्हणजे गप्पच. आठ-दहा दिवस सूपसुद्धा नर्सच्या हातून घेतलं. कार्डिनल रोज खुर्ची ओढून बसायचे, प्रार्थना म्हणायचे, आणि मनातून पार खचायचे. तिकडून उत्तर आलं: पुन्हा विचार करावा. त्यांनी पुन्हा विचार केला, आणि राहिले.

निवडीच्या दिवशी नर्सनं टीव्ही लावला. लाल झग्यांची रांग हळूहळू आत चालली होती. ताईनं मान वळवली.

"तू कुठे असतास?"

"तो उंच दिसतोय ना, त्याच्या मागे. त्या चष्मेवाल्याच्या पुढे."

ताई डोळे बारीक करून बघत राहिली. "जागा नाही ठेवलेली तुझी."

"कशाला ठेवतील?"

दारं बंद झाली. नर्सनं टीव्ही बंद केला. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं पांघरुणातून पाय बाहेर काढले.

"ठणकतायत. दाब जरा."

कार्डिनलांनी बोटातली अंगठी काढली, तिला टोचू नये म्हणून, आणि खिशात टाकली. बाह्या सारून पाय दाबायला घेतले.

"जोर लाव की," ताई म्हणाली. "जेवला नाहीस का?"

कार्डिनलांनी जोर लावला.