दहा मिलिलिटरचा चमत्कार

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमागच्या रस्त्यावर तीन चाकांची एक गाडी आठ फेऱ्या मारून थांबली. तिच्या टाकीतली पातळी वीस मिलिलिटरने उतरली होती. मंगळवारी याच गाडीला याच रस्त्यावर एवढ्याच फेऱ्यांना तीस मिलिलिटर पेट्रोल लागले होते. दोन दिवसांत गाडीत एकच नवी वस्तू आली होती. पेट्रोलच्या नळीवर बांगडीएवढे तांबडे वलय बसवले होते.

रस्त्याच्या कडेला दीड-दोनशे माणसे उभी होती. विद्यार्थी, शिपाई, ऑफिसातले कारकून, दोन प्राध्यापक आणि स्वतः प्राचार्य. आकडा जाहीर झाला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

आकडा जाहीर करणारी मुलगी तिसऱ्या वर्षात होती. कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर जाणारी गाडी बनवणाऱ्या या चमूत मोजणीचे काम तिच्याकडे होते. काचेच्या टाकीच्या निमुळत्या मानेवर अर्ध्या अर्ध्या मिलिलिटरच्या रेघा होत्या. गुडघे टेकून, डोळा बरोबर रेघेच्या पातळीला आणून, श्वास रोखून ती वाचन घ्यायची आणि लगेच वहीत लिहायची. तिच्या काटेकोरपणाची थट्टा म्हणून सगळे तिला 'एमएल' म्हणत. बुधवारी एमएलने तीनदा वाचले. तिन्ही वेळा वीसच आले. तिला ते पटले नव्हते. पण दिसते ते लिहायचे, हा तिचाच नियम होता.

"किलोमीटर सांग की," गाडीतून बाहेर येत चालक मुलगी म्हणाली. ती चमूतली सगळ्यात हलकी, म्हणून तिला उताणे झोपून गाडी चालवावी लागे आणि तिला स्वतःला टाकीतली पातळी दिसत नसे.

"लिटरला दोनशे चाळीस. काल एकशे साठ होते."

"आई शप्पथ! माझं वजन कमी झालं की काय?"

वलय आणणारे गृहस्थ मात्र शांत होते. पांढरा सदरा, खिशाला चार पेने, हातात निळी बर्फाची पेटी. "मला महाराज म्हणू नका," ते आल्याआल्या म्हणाले होते. "मी संशोधक आहे." तोवर त्यांना कुणीही महाराज म्हटले नव्हते. त्यानंतर सगळेच म्हणू लागले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पेट्रोल आधी अर्धा तास बर्फात ठेवून 'शांत' करायचे. मग ते टाकीत खुणेपर्यंत भरायचे, झाकण लावायचे आणि नळीवर 'प्राणवलय' चढवायचे. त्यानंतर टाकीवर काळे कापड टाकून गाडी पाऊण तास उन्हात ठेवायची. तेवढ्यात वलय जागे होते. आठ फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत कापडाखाली डोकावायचे नाही आणि झाकणाला हात लावायचा नाही. लावला की चेतना निसटते.

"पेट्रोलचा कण जिवंत असतो," त्यांनी गर्दीला समजावले होते. "रिफायनरीत त्याला उकळतात, टँकरमध्ये हादरे देतात, पंपावर ढकलतात. असा भेदरलेला कण इंजिनात मनापासून जळेल का? नाही जळणार! वलय त्याला मायेनं समजावतं."

"आणि तो जळायला राजी होतो?" वर्कशॉपच्या मामांनी विचारले. लेथवर तीस वर्षे काढलेले मामा सगळ्या कॉलेजचे मामा होते.

"अगदी बरोबर बोललात!"

"बिचारा," मामा म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

दुपारपर्यंत फाटकाजवळच्या स्कूटरींना वलये बसू लागली. पहिले प्राचार्यांच्या स्कूटरला बसले.

चमूसाठी मात्र गोष्ट स्कूटरींची नव्हती. अंतिम स्पर्धेचा अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत जायचा होता आणि त्यात गाडीचा आकडा लिहायचा होता. लिटरला दोनशे किंवा जास्त असेल तर थेट प्रवेश. त्याखालच्या गाड्यांचा विचार जागा उरल्या तर. मैदानावरच्या तपासणीत लिहिलेला आकडा खोटा निघाला तर कॉलेज दोन वर्षे बाद. अर्जावर दोन सह्या लागत, कप्तानाची आणि मोजणाऱ्याची. कप्तान शेवटच्या वर्षाचा होता. सगळे त्याला दादा म्हणत. आधीच्या दोन्ही वर्षी त्याची गाडी दोनशेपर्यंत पोचली नव्हती.

"कर सही," त्याने अर्ज एमएलपुढे सरकवला. त्यावर २४० लिहिलेले होते.

"उद्या परत एकदा मोजू."

"का? तूच मोजलंस ना?"

"मी मोजलं म्हणूनच म्हणतेय. दादा, इंजिन तेच, चाकं तीच, ड्रायव्हर तीच. दहा एमएल गेले कुठे?"

"गेले नाहीत, वाचले! वाचले तरी तुला त्रास, नाही वाचले तरी त्रास."

तिने महाराजांना विचारले. वलयाला रोज रोज परीक्षा देणे आवडत नाही, असे उत्तर मिळाले.

एमएलची आई पेट्रोल पंपावर सुपरवायझर होती. संध्याकाळी सातला ती घरी आली तेव्हा लेक वही उघडून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. कणीक मळता मळता आईने सगळे ऐकून घेतले. कणांच्या भीतीबद्दल ती काही बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "तापमान किती होतं?"

"हवेचं? चौतीस असेल."

"हवेचं कशाला सांगतेस? पेट्रोलचं."

एमएलने वहीची पाने चाळली.

"अगं, टँकर आला की आम्ही आधी थर्मामीटर बुडवतो, मग मापपट्टी. डेपोतून सकाळी गार माल निघतो, दुपारी आमच्याकडे तापलेला येतो. पट्टीवर पातळी जास्त दिसते म्हणून माल वाढलाय असं धरून चाललो तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. तुमच्या वहीत पेट्रोलच्या तापमानाचा रकाना नाही?"

नव्हता. वहीत हवेचा दाब होता, टायरचा दाब होता, चालक मुलीचे वजन होते, एकदा तर तिने खाल्लेल्या केळ्यांची संख्याही होती. पण चाचण्या नेहमी सकाळी सातला, पहिल्या तासाच्या आधी, झाडांच्या सावलीत व्हायच्या. तेवढ्या वेळात पेट्रोल ना तापे ना गार होई. अर्धा मिलिलिटर सोडायचा नाही म्हणून जमिनीवर गुडघे घासणाऱ्या पाच जणांपैकी एकालाही थर्मामीटर आठवला नव्हता. बुधवारची चाचणी पहिल्यांदाच दहानंतर आणि भर उन्हात झाली होती. वेळ महाराजांनी दिली होती.

एमएलने पान उलटले. बुधवारच्या पानावर 'सुरुवातीची पातळी' या शब्दांची शाई फुटली होती. वर पाण्याच्या थेंबाचे दोन गोल डाग. टाकी भरताना काचेला बाहेरून दव सुटले होते आणि तिने ओल्याच हाताने लिहिले होते.

"आई, एका अंशाला किती फुगतं?"

"हजारात एक भाग. थोडं मागंपुढं." आईने कणीक झाकून ठेवली. "आता वही उचल, पोळ्या लाटायच्यात."

गुरुवारी सकाळी एमएलने मामांकडून टाकी, बर्फाची बादली आणि भट्टीशेजारचा थर्मामीटर मागून घेतला. साडेदहाला ती वर्कशॉपसमोर उन्हात टेबल आणि फळा मांडून उभी राहिली. प्राणवलयाचा पुढचा प्रयोग आहे, एवढे कळल्यावर गर्दी जमायला वेळ लागला नाही. नव्या वलयांची पिशवी घेऊन महाराजही आले.

तिने बर्फातले पेट्रोल टाकीत खुणेपर्यंत भरले. साडेतीनशे मिलिलिटर, तापमान सहा अंश. झाकण लावले, नळीला काहीतरी बांधले, वर काळे कापड टाकले. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात ११ लिहिले आणि ती खुर्चीवर बसली.

"गाडी कुठाय?" कुणीतरी विचारले.

"गाडी लागणार नाही."

पाऊण तासाने तिने कापड काढले आणि गुडघे टेकले. थर्मामीटर सदतीस अंश दाखवत होता. पातळी खुणेच्या वर गेली होती. "साडेदहा एमएल वाढलं," ती म्हणाली. "मी अकरा लिहिलं होतं. अर्ध्या एमएलबद्दल माफी असावी."

गर्दीत आनंदाची लाट उसळली. "वाढलं! पेट्रोल वाढलं!" एक कारकून शेजाऱ्याचा दंड धरून म्हणाला, "अहो, गाडी न चालवता! बघा केवढी शक्ती आहे वलयात!" महाराजांनी नम्रपणे डोळे मिटले. दोन माणसांनी नव्या वलयासाठी हात पुढे केले.

एमएलने नळीला बांधलेली वस्तू सोडून वर धरली. ती वॉशिंग मशीनच्या पाइपची पट्टी होती. होस्टेलमधली.

मग तिने टाकी उचलून बर्फाच्या बादलीत ठेवली. "थांबा थोडं," ती म्हणाली. लोक थांबले. वीस मिनिटांनी पेट्रोल हळूहळू उतरत खुणेशी येऊन थांबले. थेंबभर कमी नाही, थेंबभर जास्त नाही.

कुणी टाळी वाजवली नाही.

"पेट्रोल तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं," एमएल म्हणाली. "काल ते बर्फासारखं गार असताना भरलं आणि तापलेलं असताना मोजलं. गाडीनं तीसच खाल्लं. उरलेलं पेट्रोल दहा एमएलनं फुगलं, म्हणून आपल्याला वीस दिसलं. कापड उचलायची मनाई चेतनेसाठी नव्हती. फेऱ्यांच्या आधी कुणी डोकावलं असतं तर पेट्रोल आधीच वर चढलेलं दिसलं असतं. यात लाज माझीच आहे, कारण तो वीस मीच वाचला. माझं एकच म्हणणं आहे. कुणी आकडा सांगितला की कशानं मोजला ते विचारा, आणि मोजताना आणखी काय बदललं तेही विचारा. मी सांगितला तरी विचारा."

महाराज क्षणाचाही विलंब न लावता पुढे झाले. "शाब्बास पोरी! थंडी आणि उष्णता यांच्या मीलनातून शक्ती प्रकट होते, हेच तर मी सांगत होतो. आज विज्ञानानं त्यावर शिक्कामोर्तब केलं."

"महाराज," मामांनी विचारले, "बर्फाची पेटी तुम्ही घरूनच आणली होती ना?"

"प्रयोगाची पूर्वतयारी."

"आणि काळं कापड?"

"तेही."

"म्हणजे कण घाबरणार हे ठाऊक होतं आणि फुगणार हे ठाऊक नव्हतं."

महाराज हसले, पिशवी उचलून फाटकाकडे गेले. त्यांना ठाऊक होते की नव्हते, हे त्यांनी सांगितले नाही.

दादा टेबलाच्या टोकाशी अर्ज हातात घेऊन उभा होता. "म्हणजे आपण एकशे साठवरच आहोत," तो म्हणाला.

"कालपर्यंत होतो," मामा म्हणाले. "उजव्या चाकाचा ब्रेक घासतोय. पंधरा दिवस बोंबलतोय मी, कुणी ऐकत नाही, आणि कालपासून तर तुमचं सगळ्यांचं लक्ष त्या बांगडीत."

ब्रेक खरोखर घासत होता. गुरुवारी दुपारी मामांनी तो सोडवला, पुढची चाके नेमकी समांतर केली, आणि चेन सरळ रेषेत आणली. वहीत तापमानाचा रकाना आला. संध्याकाळी गाडीने सत्तावीस मिलिलिटर खाल्ले. शुक्रवारी दुपारी टायर बदलून शेवटची चाचणी झाली, आधी आणि नंतर पेट्रोलचे तापमान बघून. एमएलने गुडघे टेकले तेव्हा सव्वाचार वाजले होते.

"साडेचोवीस."

दादाने मनातल्या मनात भागाकार केला. "एकशे शहाण्णव." तो पायरीवर बसला. "एमएल, अर्धा कमी असता तर दोनशे झाले असते गं. अर्धा! ती रेघ पुन्हा बघ ना जरा, वरून, उभं राहून."

"उभं राहून पाहिलं तर चोवीस दिसेल, दादा."

"मग?"

"मग काही नाही. मी खाली बसून मोजते."

चालक मुलगी म्हणाली, "पुढच्या वर्षी मी केळी खाणार नाही." कुणी हसले नाही. दादाचे पुढचे वर्ष नव्हते.

त्याने अर्जावरचे २४० खोडले. १९६ लिहिले आणि कुणी सांगितले नसताना कंसात पेट्रोलचे तापमान लिहिले. मग सही केली आणि पेन तिच्याकडे दिले. तिने सही केली. अर्ज पाचला बारा मिनिटे असताना गेला.

समितीकडे किती जागा उरल्या, ते सोमवारी दुपारपर्यंत कळलेले नव्हते. महाराज शेजारच्या पॉलिटेक्निकमध्ये दिसल्याचे एक शिपाई सांगतो. बर्फाची पेटी बरोबर होती. फाटकाजवळच्या एकोणीस स्कूटरींपैकी अकरांच्या नळीवर वलय अजून आहे. प्राचार्यांच्या स्कूटरवरही. मामांनी त्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले की काढायला पान्हा सापडत नाही. मामांनी पान्हा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो अजून तिथेच आहे.