साडेनऊ फूट

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, निरोप समारंभाला साळूबाई येणार आहे हे आदल्या दिवशी कळलं असतं, तर सुमेधा तापाचं निमित्त करून घरीच राहिली असती. पण ते तिला कळलं वर्गाच्या दारात. पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या अगदी कडेवर साळूबाई बसली होती, पुढच्या थांब्यावर उतरायचं असल्यासारखी. चांगुणाची आई. वर्गशिक्षकांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. चांगुणा असती तर वर्गाच्या पटावर आज एकोणतीसऐवजी तीस नावं असती.

समोरच्या टेबलावर क्षीरसागर सरांनी पेढ्यांचा पुडा, हार आणि विज्ञान मंडळाची जाड वही मांडली होती. वही बघितली आणि सुमेधा सगळ्यात मागे जाऊन बसली.

एकेकानं उठून चार शब्द बोलायचे, असा रिवाज होता. कानिफनाथ पहिला उठला.

"आठवीत आलो तवा वर्गात सगळ्यात बुटका मीच हुतो," तो म्हणाला. "आता बी हाये. पर आता तक्रार न्हाई. रस्त्याच्या कामावर बुटक्याला खडी जवळ पडती."

पोरं हसली. त्यातली निम्मी सुट्टीच्या दिवशी दुष्काळी कामावर जात होती.

"अन् पेढा अर्धाच घ्या रे. उरलेलं पोट कामावरच्या सुकडीनं भरा!"

मग नववीतल्या नाटकाचा विषय निघाला, त्यात लीनाची मिशी भर दरबारात गळून पडली होती. वनभोजनात शिजलेल्या कच्च्या भाताचा निघाला. हसता हसता कानिफनाथ बोलून गेला, "अन् चांगुणानं माझी टोपी हिरीतनं काढली हुती ना! टोपीसंगं एक तांब्या बी घावला. म्हनली, टोपी तुझी, तांब्या माझा."

हशा मध्येच थांबला. कानिफनाथनं साळूबाईकडे पाहिलं आणि गुपचूप खाली बसला.

शाळेची विहीर मैदानाच्या टोकाला होती. आता तिच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. पाचवीतल्या पोरी म्हणत, दुपारी जवळून गेलं की आतून बाई विचारते, पानी किती हाय गं? सुमेधानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं त्या पोरींना दरडावून गप्प केलं होतं. नंतर तिनं शांतपणे विचार केला. विहिरीजवळच्या फळ्यावर 'आजचे पाणी' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यावरून पोरींनी गोष्ट रचली असणार. कारण सापडलं. तरी त्या दिवसापासून ती मैदानाला वळसा घालून घरी जाऊ लागली. कारण तो प्रश्न खरोखर विचारला गेला होता, आणि तो ऐकणारी एकटी सुमेधाच होती.

विहिरीतलं पाणी मोजायचं काम आठवीपासून तिच्याकडे होतं. दर सोमवारी दगड बांधलेला, फुटाफुटावर गाठी मारलेला दोर तळाला टेकेपर्यंत सोडायचा, वर ओढून ओल्या गाठी मोजायच्या, आकडा खडूनं फळ्यावर लिहायचा आणि शनिवारी तो शाईनं वहीत चढवायचा. तीन वर्षं तिनं एकही सोमवार चुकवला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात पाणी आठवड्याला बरोबर अर्धा फूट उतरत होतं. सहा आठवडे तेच. सतरा एप्रिलच्या सोमवारी ऊन रणरणत होतं. आदल्या सोमवारचा आकडा होता दहा. सुमेधानं दोर सोडलाच नाही. तिनं फळ्यावर लिहिलं, साडेनऊ फूट. कंटाळा होता, पण त्याहून जास्त खात्री होती.

शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर आप्पासाहेबांनी आदल्याच आठवड्यात नवं डिझेल इंजिन बसवलं होतं, आणि दोन्ही विहिरींचा झरा एकच होता. दिवसभर त्याची धडधड वर्गात ऐकू येत होती. तिनंही ती ऐकली होती.

बुधवारी मधल्या सुट्टीत शाळेचा पोहरा विहिरीत पडला. भिमाजी शिपाई गळ आणायला गावात गेला. चांगुणा हसली. पुणतांब्याला मामाकडे गोदावरीत पोहायला शिकलेली ती. पोहरा काढायला तिला गळ कशाला लागतोय! ओचा खोवून ती पायऱ्या उतरली, शेवटच्या पायरीवर थांबली आणि तिनं वर पाहिलं.

"सुमे, पानी लई खाली वाटतंय. किती हाय गं?"

"साडेनऊ फूट."

"मोजलंस ना?"

"फळ्यावर लिहिलंय की."

"मग झालं," असं म्हणून चांगुणानं सूर मारला.

पुढचं सुमेधाला सलग आठवत नसे. माणसं धावली, बाज आणली, कुणी तरी तिला विहिरीपासून लांब नेलं. एवढं मात्र लख्ख आठवे, की त्या गडबडीत ती फळ्याशी गेली आणि पदरानं आकडा पुसला. रोजच्या त्या आकड्याकडे कुणी बघत नसे; साडेनऊ कुणालाच आठवलं नाही. संध्याकाळी पंचनाम्यात पाणी अडीच फूट भरलं. शनिवारी तिनं तोच आकडा सोमवारच्या तारखेपुढे वहीत चढवला.

त्यावरून गावानं हिशेब मांडला. पाणी अडीच फूट, ते दोन दिवस फळ्यावर लिहिलेलं, पोरगी पट्टीची पोहणारी. मग तिनं सूर का मारला? चारच दिवसांपूर्वी घोडेगावच्या स्थळाची सुपारी फुटली होती. पोरीला लग्न नको होतं. पोरीनं जीव दिला.

सुमेधानं हे ऐकलं आणि ती गप्प राहिली. पहिल्या दिवशी बोलणं अवघड होतं, आठव्या दिवशी आणखी अवघड, आणि महिन्यानं अशक्य.

"ही वही," क्षीरसागर सर बोलत होते, "आपल्या शाळेचं भूषण आहे. चार वर्षांत एकही नोंद चुकलेली नाही. शास्त्राची शिस्त म्हणजे काय, ते सुमेधाकडून शिका." त्यांनी बक्षीस म्हणून एक फाउंटन पेन साळूबाईच्या हातून द्यायला लावलं. साळूबाईचे हात खडी फोडून चिरले होते. पेन घेताना सुमेधाला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

टाळ्या वाजल्या. सगळे फोटोसाठी मैदानात गेले. श्रीरामपूरचा फोटोवाला बाकं मांडत होता. सुमेधा वही उचलून मागे रेंगाळली, तर साळूबाई व्हरांड्यात उभी.

"बाय, त्या दिसाचं पान दाव मला."

"मावशी, कशाला आता..."

"वाचता येत न्हाई मला. सरांनी सांगितलं हुतं, पर तू मैतरीन तिची. तुझ्या तोंडून ऐकू दे."

सुमेधानं पान काढलं. निळ्या शाईतलं स्वतःचंच वळणदार अक्षर. "अडीच फूट," ती म्हणाली.

"अडीच." साळूबाईनं स्वतःच्या मांडीजवळ हात धरून पाहिला. "हितवर. अन् तिनं ते वाचलं असंल." ती खांबाला टेकली. "घोडेगावची सुपारी मीच घेतली गं. ती म्हनली, आये, अकरावी हुंदे. मी म्हनले, शिकून काय मामलेदार व्हनार हाईस? चार दीस बोलली न्हाई माझ्याशी. मालक आता सांजच्याला भाकर घेतात, पर माझ्या हातची न्हाई, चुलतीच्या हातची. लोक म्हनत्यात आईनंच मारली. म्या बी तेच म्हनते."

मैदानातून कानिफनाथ ओरडला, "ए सुमेधा! बुटकी मान्सं पुढं बसलीत, उंच मान्सं कुठं गेली?"

सुमेधानं वही मिटली.

"मावशी, फळ्यावर अडीच नव्हतं."

"काय?"

"साडेनऊ होतं. मी लिहिलं होतं. मोजलं नव्हतं, अंदाजानं लिहिलं होतं. तिनं मला विचारलं, पाणी किती आहे म्हणून. मी साडेनऊच सांगितलं. तिला खाली पाणी कमी दिसत होतं, तरी तिनं माझं ऐकलं. नंतर मी फळा पुसला. हे वहीतलं मी मागाहून लिहिलंय."

सुमेधाला वाटलं, आता ही आपल्या तोंडात मारेल. तिनं मारावं असंही तिला वाटलं.

"म्हंजे," साळूबाई अगदी हळू म्हणाली, "तिला वर यायचं हुतं?"

"हो."

"तुला कसं ठावं?"

"पायऱ्या उतरायच्या आधी तिनं तिचा डबा माझ्याकडे दिला होता. उघडून ठेव म्हणाली, मी आलेच."

साळूबाईनं खांब घट्ट धरला. "चटनीच हुती नुसती. लसनाची."

"हो. तिला भूक लागली होती."

साळूबाई खांबाशी खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली, आवाज न करता, बराच वेळ. सुमेधा तिच्याजवळ बसायला वाकली तशी तिनं हातानं तिला दूर सारलं. मग डोळे पुसले आणि उठली.

"दहा म्हैनं," ती म्हणाली. "दहा म्हैनं मी गावात मान वर केली न्हाई. तू रोज शाळंला येत हुतीस. माझ्या दारावरनं जात हुतीस."

"मावशी..."

"मावशी म्हनू नगस." तिनं सुमेधाचं मनगट धरलं. चिरलेल्या हाताची पकड घट्ट होती. "चल. हे जसं मला सांगितलंस, तसंच सरांना सांगायचं. पोरांम्होरं. मग आमच्या घरी येऊन मालकांना. मग पारावर."

दोघी मैदानात आल्या. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं होतं, ते बाहेर काढलं. सर घड्याळ बघत म्हणाले, "अगं, किती वेळ? ये, मधे उभी राहा." मग त्यांना साळूबाईच्या हातातलं मनगट दिसलं आणि ते थांबले. बाकांवरची कुजबुज एकेक करत विरली.

"बोल," साळूबाई म्हणाली.

सुमेधासमोर अठ्ठावीस चेहरे होते. ते यापुढे आपल्याकडे कसे बघतील ते तिला दिसलं, आणि तरी तिनं मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

"सतरा एप्रिलला," ती म्हणाली, "सोमवारी, मी विहिरीत दोर सोडला नव्हता."