देणारीचे नाव कोरलेला डबा

मी स्टीलचा एक डबा बोलतोय. आरंभीच स्पष्ट करतो, की भोकरदनजवळच्या वनोद्यानात झालेला तो शोध मी पाहिलेला नाही. शोध माझाच होता. त्या वेळी मी तेथे नव्हतो, इतकेच. त्या भागापुरते मी ऐकीव सांगेन, आणि सांगणाऱ्या नंदाबाईंना वाढवून बोलण्याची सवय आहे, हे ध्यानात असू द्यावे.

कारखान्यातल्या जन्माविषयी सांगण्यासारखे काही नाही. माणसांत आलो तो १९८१च्या मे महिन्यात. बेबीनंदाने मला जालन्यातल्या भांड्यांच्या दुकानातून घेतले, ते वसतिगृहातली मैत्रीण सत्यशीला हिच्या लग्नासाठी. दुकानदाराने ठोके देत माझ्या अंगावर कोरले : ‘कु. बेबीनंदा, भोकरदन, यांजकडून सप्रेम भेट. १७-५-८१.’ ज्या बाईच्या घरी मी जन्म काढणार, तिचे नाव कुठेच नाही. माणसे दुसऱ्याला वस्तू देतात आणि तिच्यावर स्वतःचे नाव घालतात. या रीतीचे मला आजही नवल वाटते.

जालन्यातल्या मस्तगड भागात सत्यशीलेच्या फडताळात मी शेंगदाणे सांभाळले. ती भूगोलाची प्राध्यापिका. तिच्याकडे डबेसुद्धा उंचीच्या क्रमाने उभे राहत. बेबीनंदा भोकरदनलाच शिक्षिका झाली. दर सुट्टीत यायची आणि मुद्दाम आमचा क्रम बिघडवून जायची.

२००० साली ते थांबले. हातांवर वाढवलेल्या धाकट्या बहिणीचे लग्न बेबीनंदाने लावले, आणि सत्यशीला गेली नाही. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आले, असे तिने कळवले. भांडण झाले नाही. पुढे भोकरदनहून येणाऱ्या पत्राखाली मात्र ‘आपली नम्र’ असे लिहिलेले असे. भांडण परवडले असते.

सहा वर्षांनी, एका जानेवारीत, सत्यशीलेचा भाऊ वसंता पुण्याहून तळहाताएवढे एक यंत्र घेऊन आला. आपण पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहोत, हे ते सांगत असे. त्याचा एक खेळ होता : एकाने रानात डबा लपवायचा, अक्षांश-रेखांश द्यायचे, इतरांनी शोधायचा. सापडला, की आतल्या वहीत सही करायची, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. ज्या देशात माणसे हरवलेली वस्तूसुद्धा शोधायला कंटाळतात, तेथे हा खेळ चालेल असे मला वाटले नव्हते.

सत्यशीलेने मला रिकामे केले. मग आत घातले : वही, पेन्सिल, काही किरकोळ वस्तू, आणि तळाशी बेबीनंदाच्या नावाचे पाकीट. नंतर वनोद्यानातल्या एका बाभळीच्या बुंध्याशी मला दगडांत ठेवून तिने आकडे दोनदा ताडून पाहिले. वसतिगृहातली तिसरी मैत्रीण नंदाबाई हिने बेबीनंदाला रविवारी यायला राजी केले होते.

दुसऱ्याच दिवशी रोपांना पाणी घालणाऱ्या साळूबाईला मी दिसलो.

‘‘कोण्या बाईचा डबा ऱ्हायला, बाई. घरी बोलणी खाऊन राह्यली आसंल.’’

साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकलेल्या साळूबाईने बोट फिरवत नाव वाचले. दुसऱ्याचा डबा उघडू नये, म्हणून उघडला नाही. बाजाराच्या दिवशी विचारत विचारत तिने मला थेट बेबीनंदाच्या हाती दिले.

बेबीनंदाने पाकीट फोडले. कागद ती किती तरी वेळ वाचत होती. चेहरा कसा झाला, हे सांगता येणार नाही. मी ओट्यावर होतो आणि तिची पाठ माझ्याकडे होती. मग तिने मला घासले आणि चिवडा भरला.

रविवारचे ऐकीव असे. तिघांनी दोन तास दगड उलथले. यंत्र बाभळ दाखवी, बाभळ जागच्या जागी, डबा नाही. ‘‘सत्ये, पृथ्वी सरकली का गं?’’ असे नंदाबाईने विचारले म्हणतात. बेबीनंदा सावलीत बोरे खात सुचवत होती, ‘‘आणखी चार पावलं उत्तरेला बघ.’’

चहाला सगळे तिच्या घरी आले, तेव्हापासूनचे मी स्वतः पाहिले आहे. तिने मला मधोमध ठेवले.

‘‘हा इथं कसा?’’ सत्यशीलेने विचारले.

‘‘माझं नाव हाय त्याच्यावर, माझ्याच घरी येणार. तू तर जंगलात टाकून देल्ता.’’

‘‘टाकला नव्हता. मोजून ठेवला होता.’’

‘‘अन् आम्ही दोन घंटे काटे तुडवून राह्यलो!’’ नंदाबाई ओरडली. ‘‘बेबे, तू बोरं खात बसल्ती!’’

‘‘म्या सहा वर्षं वाट पाहिली. तिला दोन घंटे लई झाले का?’’

वसंताने यंत्र बंद करून खिशात घातले.

बेबीनंदाने कागद पुढे केला. ‘‘माफी मागायची तर ड्यूटीच्या आदेशाची झेरॉक्स ठेवतं का कोणी? अन् ती बी अशी. काम बारा तारखेला संपलं. लग्न चौदाला होतं.’’

‘‘माहीत आहे,’’ सत्यशीला म्हणाली. ‘‘म्हणूनच ठेवली. मी तुला कामाचं कारण सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.’’

‘‘मंग चौदाला कुठं होतीस?’’

सत्यशीला माझ्यातल्या चिवड्याकडे पाहत राहिली. शेवटी बेबीनंदाने मला तिच्याकडे सरकवले.

‘‘खा. तिखट हाय. डोळ्यात पाणी आलं तर कोणी विचारणार न्हाई.’’

सायंकाळी मी कराळ्याची चटणी घेऊन जालन्याला परतलो. रिकामा डबा परत धाडण्याची रीत नाही. आता मी दर महिन्याला एसटीने जातो-येतो, आणि एकदाही रिकामा गेलेलो नाही. झाकण सैल झाले आहे. विनंती एकच : भांड्यावर नाव घालाल तेव्हा घेणारीचेही घाला.

राहता राहिली चौदा तारीख. त्या सकाळी सत्यशीला ठेवणीतली साडी नेसली आणि आहेराचे पातेले पिशवीत घालून भोकरदनच्या गाडीसाठी बाहेर पडली, हे मी फडताळातून पाहिले आहे. दिवेलागणीला ती पातेल्यासह परतली. मधल्या वेळात ती कोठे होती, हे बेबीनंदाने पुन्हा विचारलेले नाही. पातेले अजून माझ्या शेजारी आहे, न वापरलेले. त्याच्यावर सत्यशीलेचे नाव आहे, आणि तारीख १४-५-२०००.