अकराव्या पायरीची नळी

मी घरी व्यायाम करायचं यंत्र बोलतोय. दचकू नका, तुम्हाला वजनं उचलायला लावायला मी आलेलो नाही. तुमचं पोट तुम्हाला लखलाभ. मला फक्त माझी बाजू मांडायची आहे. माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. पण ज्या तोंडून ते ऐकायला नको होतं, नेमकं त्याच तोंडून ते आलं, म्हणून आज बोलतो.

कारखान्यात मी एक दिवसही उभा राहिलो नाही. एका कोपऱ्यात माझे खांब कापले, दुसऱ्या कोपऱ्यात वजनाच्या पाट्या ओतल्या, पुल्या आणि तारेची दोरी आणखी कुठून तरी आली. मग सगळं चार खोक्यांत भरून मला रवाना केलं. खुर्ची जन्मते तीच मुळी खुर्ची म्हणून. आमचं तसं नसतं. आम्ही सुटे येतो आणि कुणातरी अनोळखी माणसाच्या बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली, त्याच्या हातून जन्मतो. तो माणूस कसा निघेल ते आपापलं नशीब.

माझा माणूस चष्म्याच्या दुकानात कामाला होता. हे कळल्यावर मला वाटलं, आपलं नशीब फळफळलं. तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू चिमट्यानं उचलायचा आणि चष्म्याच्या काडीत बसवायचा, हे याचं रोजचं काम. एखादा स्क्रू खाली पडला तर गिऱ्हाइकाला उभं ठेवून तो गुडघ्यावर बसून फरशी चाचपायचा. असा माणूस माझा एक नटही इकडचा तिकडे करणार नाही, असं मी धरून चाललो.

मला आणलं होतं त्याच्या बायकोसाठी. ती सलूनमध्ये बायकांचे केस कापायची. वीस वर्षं हात वर धरून धरून तिचा उजवा खांदा आखडला होता. खांद्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की गोळ्यांनी हे सुटायचं नाही, पुलीवरून हलकं वजन रोज ओढत जा. सलूनची मालकीण चांगली होती. ती म्हणाली, "तीन महिने तुझी खुर्ची कुणाला देत नाही. पुढे मात्र माझा इलाज नाही."

डॉक्टरीणबाईंनी सांगितली होती एक पुली आणि एक दोरी. चष्मेवाला मलाच घेऊन आला.

"अहो, एवढं मोठं?" ती म्हणाली.

"घ्यायचं तर पुरतं घ्यावं. तुझा खांदा सुटेल, माझं पोट जाईल."

तिनं डाव्या हातानं खोक्यावरची धूळ पुसली. नवऱ्यानं आपल्यासाठी एवढा घाट घातला याचं तिला कौतुक वाटत होतं. मलाही ते घर त्याच क्षणी आवडलं. आज ते आठवलं की माझाच मला राग येतो.

रविवारी सकाळी खोकी फोडली. माहितीपत्रकात अठरा पायऱ्या होत्या. ती म्हणाली, "भावजींना बोलवू का? त्यांचं रोजचंच काम आहे."

भावजी म्हणजे चष्मेवाल्याचा मोठा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या घरात नळ गळला की दादा, दार लागेना की दादा, भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी दादा. दादा यायचा, काम करायचा, आणि जाताना धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तू आपले चष्मेच बघ." हे वाक्य चष्मेवाल्यानं किती वर्षं गिळलं होतं कुणास ठाऊक.

"प्रत्येक वेळी दादाच कशाला?" तो म्हणाला. "पाच वाजता चहाला बोलव. उभं झालेलं दाखवू त्याला."

तिनं लगेच फोन करून पाचची वेळ दिली. वेळ ठरली आणि घाई सुरू झाली.

दहा पायऱ्या झकास झाल्या. ती पत्रक वाचायची, तो पाना फिरवायचा. प्रत्येक नट असा आवळायचा की जणू तो पळून जाणार आहे. अकरावी पायरी म्हणजे वरचा आडवा दांडा आणि त्यातली पुली. या पुलीच्या कडेला एक काळी नळी बसवायची असते, बोटाच्या पेराएवढी. तिच्यामुळे पुली जागच्या जागी राहते, डुलत नाही, आणि दोरी खाचेतून उतरत नाही. दिसायला ती एवढीशी आहे, पण माझा सगळा भरवसा तिच्यावर.

तो स्टुलावर चढला. दांडा जड होता.

"ते टोक दोन्ही हातांनी वर धर. जातोय ना हात?"

"जातोय की."

साफ खोटं. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. पण नाही म्हटलं असतं तर दादाला बोलवावं लागलं असतं, आणि नवऱ्याचा तो रविवार तिला मोडायचा नव्हता. तिनं दात आवळले, डाव्या हातावर सगळा भार घेतला आणि उजवा नुसता टेकवला.

"धरलंस?"

"धरलंय. बसवा लवकर."

दांडा घसरायला लागला. त्यानं घाईघाईनं बोल्ट आत लोटला आणि नट आवळला. नळी स्टुलाच्या कडेवर ठेवलेली होती. तो खाली उतरताना ती पडली आणि घरंगळत सोफ्याखाली गेली. हे मी वरून बघत होतो. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

पाच वाजता दादा आला. माझ्याभोवती एक चक्कर मारून, खांब हलवून बघून तो म्हणाला, "बरं जमलं की रे तुला." वर त्यानं पाहिलं नाही. चष्मेवाल्याचे कान लाल झाले. त्या संध्याकाळी त्यानं दोनदा चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी झाडताना नळी तिच्या हाती लागली. तिनं पत्रक काढलं, अकराव्या पायरीच्या चित्राशेजारी नळी ठेवून पाहिली. संध्याकाळी तो घरी आल्यावर तिनं ती पुढे धरली.

"अहो, हे राहिलं वाटतं."

त्यानं नळी बोटांत फिरवली, मग वर माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. दुकानात स्क्रूसाठी फरशी चाचपणारा माणूस तो, त्याला न कळून कसं चालेल? पण आता सगळं उघडायचं, दादानं शाबासकी दिलेलं उघडायचं. शिवाय ते राहिलं कसं, हा प्रश्न निघाला असता, आणि तो थेट तिच्या खांद्यापाशी जाऊन थांबला असता.

"जास्तीचं असेल," तो म्हणाला. "देतात ते एखादं."

"असेल," ती म्हणाली, आणि नळी आपल्या केसांच्या पिनांच्या डब्यात टाकली.

दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. माझा विचार कुणी केला नाही.

चष्मेवाल्याच्या पोटाशी माझी ओळख जेमतेम आठ दिवसांची. पुढे त्याची पँट माझ्या एका खांबावर आणि टॉवेल दुसऱ्यावर वाळायला लागले. तक्रार नाही, आमच्या जातीच्या नशिबी ते लिहिलेलंच असतं. ती मात्र रोज यायची. सकाळी डबे भरून झाले की ती माझ्या बैठकीवर बसायची, वजन ठरवायची खिट्टी पहिल्या पाटीत घालायची आणि म्हणायची, "चल रे पहिलवान."

पहिलवान! मला कुणी नाव देईल असं वाटलं नव्हतं. त्या नावाखातर मी जिवाचं रान केलं. पुली आत डुलायची, दोरी खाचेच्या काठावर यायची आणि मी कशीबशी तिला परत आत घ्यायचो. त्यात कुरकुर व्हायची. ती कुरकुर म्हणजे माझं सांगणं होतं. तिनं काय करावं? तेल घातलं. तेलानं नळीची जागा भरत नाही हो, पण तेल घालायला कुणाचं मन मोडावं लागत नाही.

महिन्याभरात तिनं खिट्टी दुसऱ्या पाटीत घातली. एके दिवशी तिनं वरच्या फळीवरचा साखरेचा डबा स्वतः काढला आणि तो हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली, साखर नको असताना. मग एका सकाळी ती अंबाडा घालून माझ्यासमोर आली. दोन्ही हात मागे नेऊन, स्वतःचा स्वतः घातलेला. "बघ रे, पहिलवान," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला दिवस. तिसरा महिना संपायला आठ दिवस राहिले होते आणि एक तारखेला येते म्हणून तिनं सलूनला कळवूनही टाकलं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी माझ्याच्यानं सावरलं गेलं नाही. ती दोरीच्या टोकाची मूठ खाली ओढत असताना पुली कलली, दोरी खाचेतून उतरली आणि मध्येच अडकली. तिनं जरा जोर लावला. दोरी एकदम सुटली, पाट्या धाडकन खाली आदळल्या आणि मूठ तिच्या हातासकट वर हिसकली गेली. ती उजवा हात डाव्या हातात धरून खाली फरशीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुन्हा पहिल्यापासून. सलूनच्या मालकिणीनं वाईट वाटून घेतलं आणि खुर्ची दुसरीला दिली.

दादा विचारपूस करायला आला. ती हात गळ्यात बांधून सोफ्यावर बसली होती. त्यानं सगळं ऐकलं, माझ्यापाशी आला आणि खांबावर हात ठेवून वर बघायला लागला.

"दोरी उतरली म्हणतेस? पुलीतच असणार काहीतरी. स्टूल आण रे, बघू दे."

माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर पुल्याच हाताळलेला माणूस तो, दोन मिनिटांत त्याला कळलं असतं. चष्मेवाल्यानं स्टूल आणलं खरं, पण ते तो खाली ठेवेना. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"राहू द्या, भावजी," ती म्हणाली. "यांनी अगदी नीट जोडलं होतं. यंत्रच खराब निघालं."

"अगं, पण बघतो तरी."

"नको. मला परत हातही लावायचा नाही त्याला. देऊन टाकू कुणाला तरी."

"हल्ली माल असाच येतो," चष्मेवाला म्हणाला, फरशीकडे बघत. दादा खुर्चीत बसला. चहा आला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चष्मेवाला बोलला असता तर मी मनावर घेतलं नसतं, तो भावाला भ्यायलेला माणूस. पण ती? मी काय केलं आणि काय केलं नाही हे सगळ्या घरात तिला एकटीला माहीत होतं. पुरावा तिच्या पिनांच्या डब्यात होता, तीन पावलांवर. सकाळी ज्याला पहिलवान म्हणायचं त्याला संध्याकाळी चारचौघांत खराब म्हणायचं, हे तिला जमलं. तिनं हे नवऱ्याच्या मायेपोटी केलं, हे मला समजतं. समजलं म्हणून लागायचं थांबत नाही.

त्यानंतर मी कोपऱ्यात गेलो. अंगावर चादरी, उशा, जुनी छत्री. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय? आणि दोघांपैकी एकजण सांगायचा, खराब निघालं. ऐकून ऐकून एखाद्या दिवशी मलाही ते खरं वाटायचं.

शेवटी एका शाळेचे खेळाचे मास्तर मला न्यायला आले. दुपार होती, चष्मेवाला दुकानात होता. मास्तर स्टुलावर चढले, नट सैल केले आणि म्हणाले, "ताई, हे टोक जरा वर धरता का?"

तेच टोक होतं. ती जवळ आली, दांड्याकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "माझा हात वर जात नाही."

"बरं, मग दोरीनं बांधतो," मास्तर म्हणाले, आणि बांधला. झालं. आभाळ कोसळलं नाही, कुणाचं नाक कापलं गेलं नाही.

दांडा खाली आल्यावर मास्तरांनी पुली हलवून बघितली. "इथे एक नळी असते. पडली वाटतं कुठे."

ती आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर ती काळी नळी होती, तिच्यात एक पीन अडकलेली.

"अरे वा, जपून ठेवलीत," मास्तर म्हणाले.

"हो." तिनं पीन काढून नळी त्यांच्या हातात दिली. मग घरात दुसरं कुणी नसताना हळू आवाजात म्हणाली, "यंत्र चांगलं आहे."

आता मी शाळेच्या एका मोठ्या खोलीत उभा आहे. मास्तरांनी अठराही पायऱ्या वाचून मला जोडलं. नळी जागेवर आहे, पुली डुलत नाही, मी कुरकुरत नाही. मुली येतात, वजनं ओढतात, हसतात. मला इथे काही कमी नाही. नाव तेवढं कुणी ठेवलेलं नाही.

तुम्ही घरी काही जोडायला काढाल तर माझी एक विनवणी आहे. शेवटी एखादा तुकडा हातात उरला तर त्याला जास्तीचा म्हणू नका. आणि हात वर जात नसेल तर जात नाही म्हणा, ज्याला म्हणायला हवं त्यालाच म्हणा, वेळेवर. तिनं परक्या माणसाला ते एका वाक्यात सांगितलं. नवऱ्याला सांगायला तिला तो रविवार पुरला नाही आणि नंतरचे इतके महिनेही पुरले नाहीत.

तिचा खांदा आता कुठवर आला हे मला इथे कळत नाही. अंबाडा पुन्हा जमला का, हेही नाही. त्या दुपारी ती जे बोलली ते मास्तरांनी ऐकलं आणि मी ऐकलं. संध्याकाळी चष्मेवाला घरी आला असेल, रिकामा कोपरा बघून त्यानं विचारलं असेल, आणि तिनं सांगितलं असेल, गेलं एकदाचं. त्या घरात आजही यंत्रच खराब होतं.