वजनकाट्यावरच्या कर्नलचे स्थलांतर

मित्रांनो, मला स्वतःला ग्रॅमभरही वजन नाही, तरी अकरा वर्षे मी लोकांना वजने सांगत आलो आहे. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर ठेवण्याचे एक आवार आहे. तिथल्या वजनकाट्याच्या संगणकातला मी एक जुना कर्नल आहे. संगणक सुरू झाला की जो प्रोग्राम सर्वांत आधी मेमरीत उतरतो आणि बाकीच्या प्रोग्रामना जागा व वेळ वाटून देतो, त्याला कर्नल म्हणतात. आम्ही चुकलो तरच लोकांना आमची आठवण होते. माझी आठवण फार क्वचित कुणाला झाली, याचा मला अभिमान वाटतो.

मला घडवले परेशने. तेव्हा तो आवारात नोकरीला होता. काट्याच्या कामाला जे लागत नव्हते ते सारे त्याने माझ्यातून काढून टाकले. काय काय काढले, ते मलाही तेव्हा कळले नाही. मी लहान, चपळ आणि शांत झालो.

पुढची वर्षे कामाची होती. ट्रेलर काट्यावर चढला की तारेतून आकडा यायचा, तो मी वजनाच्या प्रोग्रामकडे पोचवायचो आणि चिठ्ठी छापून निघायची. दिवसातून चारदा वीज गेली तर मी चारदा उठायचो. काट्यावर शिवदास बसतो. तो आमच्या संगणकाला ‘डबा’ म्हणायचा, पण सकाळी आल्याबरोबर पहिली धूळ त्याचीच पुसायचा.

शेवटी खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याने तो संगणक पोखरला. नवे, दणकट यंत्र आले. त्यावर हायपरवायझर होता. हायपरवायझर म्हणजे एकाच यंत्रात अनेक कर्नलना वेगवेगळ्या खोल्या देणारा व्यवस्थापक. त्याचा पहिला पाहुणा मानाचा असतो, कारण यंत्राच्या तारांशी थेट बोलायची मुभा त्याला मिळते. काट्याची तार माझ्या ओळखीची होती, म्हणून तो मान मला मिळायचा होता.

आवारातली तंत्रज्ञ हेमाली हिने सकाळी दहाला यंत्र सुरू केले. मी उठलोच नाही.

साडेअकराला रहिमुन्निसा आपल्या महिला गटाचा ट्रेलर घेऊन आली. गटातल्या श्रीवर्धनकडच्या अठरा बायकांनी सोललेली, गोठवलेली कोळंबी त्यात होती. परदेशी जाणारा त्यांचा हा पहिलाच कंटेनर. वजनाच्या चिठ्ठीशिवाय कंटेनर जहाजावर घेत नाहीत, आणि या जहाजासाठी बंदराचे फाटक चार वाजता बंद होणार होते. म्हणजे तीनच्या सुमारास इथून निघायलाच हवे. हमरस्त्यावरच्या दुसऱ्या काट्यावर संध्याकाळपर्यंतची रांग होती.

हेमालीला आधी मेमरीचा संशय आला. तिने पट्ट्या काढून, पुसून परत बसवल्या. त्यात तास गेला.

“ताय, डबा बदलला, तरी हट्ट जुनाच हाय,” शिवदास म्हणाला आणि रहिमुन्निसाला बसायला खुर्ची दिली.

मग हेमालीने पडद्यावरची ओळ सावकाश वाचली. मी आजवर मेमरीत ज्या ठिकाणी उभा राहायचो, नेमकी तीच जागा नव्या यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवली होती. पहिल्या पाहुण्याला यंत्राच्या मेमरीचा नकाशा आहे तसाच मिळतो, त्यामुळे जागा नाही म्हणजे नाही.

मला उचलून दुसरीकडे ठेवता आले असते. पण माझ्या पोटात हजारो पत्ते लिहिलेले असतात: हे काम तिकडे, ती नोंद इकडे. मी सरकलो की त्या प्रत्येक पत्त्यात सारखाच फरक मिळवावा लागतो. कोणते पत्ते बदलायचे याची यादी जवळ असेल आणि ‘मला हलवले तर चालेल’ अशी खूण असेल, तरच हायपरवायझर मला मोकळ्या जागी ठेवतो. माझ्याजवळ दोन्ही नव्हते.

परेश आता मस्कतला असतो. हेमालीने त्याला फोन लावला.

“ती यादी मीच काढली,” तो म्हणाला. “काट्याला सरकारी शिक्का बसला की तो जागचा हलवायचा नाही, हा आपला नियम. मी कर्नललाही तोच लावला.”

“काटा जागेवरच आहे, परेशदादा. खालचं यंत्र बदललंय.”

मग त्याने मला घडवतानाची सेटिंगची फाइल कुठे ठेवली होती ते सांगितले. ती कपाटातल्या एका जुन्या डिस्कवर जशीच्या तशी होती. आवराआवर करताना हेमालीने ती डिस्क टाकली नव्हती. तिने त्या फाइलमध्ये एकच बदल केला, पत्त्यांची यादी आणि ती खूण माझ्यात ठेवण्याचा, आणि मला पुन्हा घडवायला घेतले. त्याला पन्नास मिनिटे लागली. रहिमुन्निसा घड्याळाकडे बघत बसली होती. तिचा चहा निवून गेला.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी हायपरवायझरने मला वरच्या मोकळ्या जागी ठेवले. मी यादी उघडली आणि एक्केचाळीस हजार पत्ते डोळ्याची पापणी लवण्याआधी बदलले. त्यांतला एकही चुकला नाही. मित्रांनो, इतका ताठ मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

तरी हेमालीने लगेच ट्रेलर घेतला नाही. आधी शिवदासला प्रमाणित वजनाचे ठोकळे काट्यावर ठेवायला लावले.

“बेटी, आता तरी घे ना.”

“चुकीचं वजन लावून माल जहाजावर चढण्यापेक्षा तो इथं राहिलेला बरा, चाची.”

ठोकळे बरोबर भरले. ट्रेलर चढला, चिठ्ठी निघाली, आणि रहिमुन्निसा त्याच ट्रेलरमध्ये बसून गेली. चारला पाच मिनिटे कमी असताना तिचा निरोप आला, “आत पोचलो.” हेमालीने तो शिवदासला दोनदा वाचून दाखवला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दुकानात, होडीवरही माझ्यासारखे एखादे जुने यंत्र निमूटपणे काम करत असेल. ते कसे घडवले याची नोंद, कागदावर असो की डिस्कवर, अडगळ समजून फेकू नका. घडवणारा दूर निघून जातो, खालची जमीन बदलते. ती नोंद हाती असली, तर आम्ही नव्या जागीही तितकेच खरे बोलू.