एक नाव जास्त

"अगं, हे शक्यच नाही!" शिरगणतीवाल्यानं ओळीवर बोट दाबून धरलं. "कुठलंच सरकार अशी मोजणी करणार नाही."

"तुम्हाला वाचायला सांगितलंय, तपासायला नाही," पलंगावरून बायको म्हणाली.

गल्लीत त्याला सगळे शिरगणतीवालाच म्हणायचे. बत्तीस वर्षं त्यानं माणसं मोजली, मोजणाऱ्यांना शिकवलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी पाहुणा दारात आला की हा गडी आधी मनातल्या मनात फॉर्म भरायचा, मग पाणी विचारायचा. बायकोचा सगळा जीव प्रार्थनाघरात. येशूच्या जन्माची गोष्ट तिथं दर वर्षी तीच वाचायची. यंदा डोळ्यांनी दगा दिला, तर तिनं पाळकांना परस्पर सांगून टाकलं, "आमचे हे वाचतील." रविवार दोन दिवसांवर आला होता आणि हे महाशय सुरुवातीलाच अडून बसले होते.

"म्हणे प्रत्येकानं पूर्वजांच्या गावी जाऊन नाव लिहायचं. अगं, माणूस राहतो तिथं मोजतात त्याला! खापरपणजोबाच्या गावी कशाला पाठवायचा? अर्धा देश रस्त्यावर येईल. बरं, ही गोष्ट लिहिणारा एक जण म्हणतो तेव्हा अमका राजा, दुसरा म्हणतो तमका सुभेदार. दोघांत दहा वर्षांचा फरक! माझ्या हाताखाली असते ना, दोघांनाही पुन्हा घरोघर पिटाळलं असतं."

बायको हसली. हसता हसता खोकली.

"आणि त्या सुतारानं, येशूच्या बापानं, जायचं तर जावं. दिवस भरलेल्या बायकोला कशाला फरफटत न्यायचं? कर्त्या माणसानं माहिती दिली की झालं!"

"मला नेलं होतंत की तुम्ही."

त्याचं बोट ओळीवरून सुटलं.

चाळीस वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. तेव्हा त्याची पहिलीच मोजणी होती, लांबच्या वस्तीवर. घरी हिच्याजवळ कुणी नाही, म्हणून आठव्या महिन्यात ट्रकमध्ये बसवून बरोबर नेलं. शाळेच्या खोलीत फॉर्मचे गठ्ठे भिंतीला लावले होते, त्यांच्या आडोशाला पोर झाली. मंगळवारी. गुरुवारी संध्याकाळी गेली.

"तिथं उभं राहून मिशीत हसणार असाल तर नका वाचू," बायको म्हणाली. "माझी एवढी एकच गोष्ट आहे. ती तरी धड राहू द्या."

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"नियम होता," तो म्हणाला. "शुक्रवारी सूर्य उगवताना जो जिवंत असेल, तोच मोजायचा."

"माहितेय. तुम्हीच सांगितलं होतं तेव्हा. म्हणून तर चिमीचं नाव कुठंच नाही."

"आहे."

तिनं मान वळवली. दिसत तर काही नव्हतं, पण वळवली.

"शुक्रवारी आपल्या घराचा फॉर्म मीच भरला. तिसऱ्या ओळीत लिहिलं. मुलगी. वय शून्य. साहेबांनी सही केली, बेरीज वर गेली. त्या साली देशात एक माणूस जास्त आहे. उभ्या नोकरीत तेवढी एकच खोटी ओळ लिहिली मी."

"खोटी नाही ती," बायको ताडकन म्हणाली.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"चिमी असंच लिहिलंत?"

"दुसरं नाव कुठं ठेवलं होतं आपण."

"मग त्या कागदावर आपण किती जण?"

"तीन."

"तीन," ती हळूच म्हणाली. मग नाक पुसून नेहमीच्या आवाजात, "वाचा आता. मोजणीपासून. आणि जरा मोठ्यानं, प्रार्थनाघरात मागच्या बाकावर ऐकू जात नाही."

त्यानं घसा खाकरला आणि वाचायला लागला. सुतार निघाला, बायकोही बरोबर निघाली. या वेळी त्याचं बोट कुठल्याच ओळीवर नव्हतं. दोघं गावात पोचेपर्यंत तो मध्ये कुठंही थांबला नाही.